भावजींचा फोन, माझा कॉम्प्युटर

आमच्या घरात पहिला मोबाईल आला तो जीपसाठी. माझे थोरले भावजी कमलनगर ते आमचं गाव अशी जीप चालवायचे, आणि वाटेतल्या वस्त्यांवरची माणसं त्यांना मिस कॉल द्यायची. बोलायचं कुणी नाही! एक मिस कॉल म्हणजे एक माणूस आहे, जागा धरा. दोन म्हणजे बाईमाणूस आणि सामान आहे, जीप दारापर्यंत आणा. भावजी नंबर बघूनच माणूस ओळखायचे. चुकून एखादा कॉल उचलला गेलाच तर पलीकडचा माणूस ओरडायचा, "कामून उचलला? पैसे गेले की माजे!" आणि भावजी त्याची माफी मागायचे. फोन उचलला म्हणून माफी मागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कॉम्प्युटर मात्र माझा. मी उदगीरची. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून सासरी आणलेलं. आमचे हे बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होते, आठवड्याला घरी यायचे. एकदा येताना पोत्यात गुंडाळून जुना कॉम्प्युटर घेऊन आले. त्यावर मी गावातल्या लग्नपत्रिका टाईप करायची, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. माझा तोरा काय विचारता! कुणी त्याला टीव्ही म्हटलं तरी मला झोंबायचं. धूळ बसू नये म्हणून मी त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं, तर शेजारच्या बाया म्हणाल्या, "मशीनला बी पदर दिलीस व्हय गं?"

भावजींची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे, पण तिनं स्वतः ती हाक कधी ऐकली नाही. अक्का जन्मापासून बहिरी. लोक म्हणायचे, "तिला बोलता येत न्हाई." हे वाक्य कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, अजूनही. अहो, अक्का दिवसभर बोलायची! भाकरी थापताना पिठाच्या हातानं बोलायची, विहिरीवर ओल्या हातानं बोलायची. भावजी म्हणजे स्टेअरिंग फिरवायचं. मी म्हणजे हवेत बोटं बडवायची. तिचा मुलगा म्हणजे उजव्या कानाची पाळी चिमटीत धरायची, कारण लहानपणी त्याच्या कानात बाळी होती. ह्या भाषेत अहो-जाहो नसतंच, म्हणून आम्हा दोघी जावांत पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. माझी खूण चुकली की हातावर चापट बसायची. सख्ख्या बहिणीनं लावली नसती एवढी माया तिनं मला लावली, आणि चापटाही तेवढ्याच मारल्या.

तिला हा एकच मुलगा. आयटीआय करून तो पुण्याकडं एका कंपनीत लागला. तिकडून भावजींना त्याचा फोन यायचा. "बरा हाय, जेवलो, काम चांगलं हाय." भावजी अक्काकडं वळून अंगठा दाखवायचे आणि पोटावरून हात फिरवायचे. एवढ्या दोन खुणांवर ती बाई वर्ष काढायची, कारण वर्षातून एकदा, येळवशीला, तो स्वतः यायचा. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात दिवाळीला एखादा आला नाही तरी चालतं, येळवशीला यावंच लागतं. अख्खं गाव त्या दिवशी शेतात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपी करून पांडव पुजायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी खायची, आंबील प्यायची आणि सगळ्या जगाला बोलावून जेवू घालायचं.

त्या वर्षी तो आला नाही. फोनवर म्हणाला, रजा मिळाली नाही. ते आम्हा सगळ्यांना पटलं. अक्काला मात्र मुळीच पटलं नाही.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी तिचा भाऊ वारला, तेव्हा माहेरच्यांनी तिला खुणेनं सांगितलं होतं की तो हैदराबादला दवाखान्यात आहे, बरा होतोय. त्याचा हसरा फोटोसुद्धा दाखवला. बाईमाणसाला वाईट बातमी हळूहळू सांगायची आमच्याकडं रीत आहे, आणि बहिऱ्या बाईच्या बाबतीत हळूहळूला काही धरबंधच राहिला नाही. पुढं ती माहेरी गेली तेव्हा तोच फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. तेव्हापासून अक्का फोटोवरही विश्वास ठेवायची नाही आणि अंगठ्यावरही. येळवस झाली आणि तिच्या मनानं घेतलं की पोराचं काहीतरी झालंय आणि आम्ही सगळे मिळून लपवतोय.

भावजी जीव तोडून सांगायचे, "आगं, आत्ता बोललो की त्याच्यासंगं!" ती त्यांच्या हातातला फोन घ्यायची, उलटासुलटा करून बघायची आणि परत द्यायची. सगळ्या गावाला जवळ आणणारं ते यंत्र तिच्यासाठी साबणाची वडी होतं. वडीनं निदान कपडे तरी धुवून निघतात.

मग एका सकाळी ती पिशवी भरून जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुण्याला ने! भावजी म्हणाले, पोरगाच येऊ नका म्हणतोय, त्याची शिफ्ट आहे, राहायची सोय नाही. ती उतरेना. शेवटी भावजींनी तशीच जीप काढली. कमलनगरला गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि अक्का पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भावजी पुण्याला नेत नव्हते आणि ती जीपमधून उतरत नव्हती. जेवायची सुद्धा जीपमध्ये, ते पण अर्धी भाकरी. तिचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. शेवटी मी भावजींसमोर डोक्यावर पदर घेऊन, पण आवाज चढवून म्हणाले, "भावजी, तुमचा फोन द्या मला. मी दावते तिला तिचं पोरगं."

माझ्या कोर्समधल्या मैत्रिणीनं मला सांगितलं होतं की मोबाईल वायरीनं कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटरवर इंटरनेट येतं. गावात टेलिफोनची तार नव्हती, पण टावर होता. म्हणजे जमायला पाहिजे. फोनचा डबा भावजींनी देवघरात जपून ठेवला होता, हळदीकुंकवाची बोटं लावून. वायर त्यातच निघाली. सोबतची सीडी मात्र नव्हती, आणि तिच्याशिवाय कॉम्प्युटर फोनला ओळखत नव्हता. मी विचारलं, सीडी कुठं गेली? भावजी म्हणाले, "शीडी? ती चमकणारी चकती व्हय? ती जीपला लावली की!" जाऊन बघते तर काय, आरशाखाली लिंबू-मिरचीच्या शेजारी सीडी लोंबतेय. दोरा ओवलेला, वर शेंदराचा टिळा. मी ती साबणानं धुतली, पदरानं पुसली आणि देवाचं नाव घेऊन आत सरकवली. चालली की हो! मी एवढ्या जोरात ओरडले की म्हैस दावणीला उठून उभी राहिली.

तरी ते सोपं नव्हतं. आमचं गाव दोन राज्यांच्या मधोमध, आणि सिमकार्ड कर्नाटकाचं. फोन उत्तरेच्या खिडकीत ठेवला की तो महाराष्ट्राचा टावर धरायचा, रोमिंग म्हणायचा आणि नेट बंद. म्हणून दक्षिणेच्या भिंतीतल्या दिवळीत, तेलाच्या बाटलीशेजारी त्याची जागा केली. वायर वीतभर, त्यामुळं कॉम्प्युटरच उचलून दिवळीखाली नेला. मग स्टार नव्व्याण्णव हॅश डायल करायचं आणि श्वास धरून बसायचं. पहिल्यांदा स्क्रीनच्या कोपऱ्यात नेट लागल्याचे ते दोन छोटे टीव्ही उजळले, तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी ह्यांना कोळारला फोन लावणार होते. पण फोन तर दिवळीत अडकलेला.

आता पोरगा. त्याला आधीच सांगून ठेवलं, कॅमेरावाल्या सायबर कॅफेत जाऊन बस. तो टाळायला लागला. "काकू, कॅमेरा कामून? रोज बोलतोय की मी." मी म्हटलं, "तुझी आई जीपमधून उतरत न्हाई, भाकरी खात न्हाई. बसतोस का येऊ तिथं?" मग कसाबसा हो म्हणाला. आमच्याकडं कॅमेरा नव्हता. म्हणजे आम्हाला तो दिसणार, त्याला आम्ही नाही. तो तिकडून हातानं बोलणार आणि अक्काचं बोलणं मी टाईप करून त्याला पाठवणार, असं ठरलं.

पहिल्या दिवशी अक्काला मी हाताला धरून जीपमधून उतरवलं, खुर्चीवर बसवलं. नेट लागलं. काडेपेटीएवढी काळी चौकट उघडली. त्यात वरून खाली केस दिसायला लागले, मग कपाळ आलं, आणि दिवळीतला फोन वाजला. मिस कॉल. नेट गपकन तुटलं. पुन्हा लावलं. केस, कपाळ, भुवया, मिस कॉल. त्या फोनला कॉल आला की इंटरनेट संपायचं, वाजणारी रिंग एक का असेना. आणि त्या भागात प्रवासाला निघणारा प्रत्येक माणूस भावजींना मिस कॉल देत होता. दुपारभर मी त्या पोराचं कपाळच बघितलं. अक्का उठली आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली.

भावजींना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला त्यांनी वस्तीवस्तीवर जीप थांबवून सांगितलं, "आज दुपारी मिस कॉल मारू नका बरं का. माज्या बायकोला लेकरू बघायचंय." लोकांनी मनापासून ऐकलं. अक्का सगळ्यांची लाडकी, तीन दिवस तिच्या मांडीला मांडी लावून प्रवास केलेला. दुपारी मी नेट लावलं, आणि फोन जो वाजायला लागला तो थांबेचना! एरवी आला नसता त्याचाही मिस कॉल. पोरगा दिसला का, हे सगळ्यांना विचारायचं होतं. आता हे विचारायचं कसं? तर मिस कॉल देऊन. मी डोक्याला हात लावला. "ह्या गावांला काय म्हनावं!" असं मी म्हणाले, आणि आणखी बरंच काही म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कुणी म्हणेल, नवीन सिमकार्ड का नाही घेतलं. आज मलाही सुचतं. तेव्हा भावजींना जे सुचलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात जीप येऊन थांबली ती खच्चून भरलेली. जे जे मिस कॉल द्यायचे त्या सगळ्यांना ते गोळा करून घेऊन आले होते. "आता ह्यो फोन कोन वाजवतंय बगू," म्हणाले. माणसं हसत उतरली, ओसरीवर बसली. कुणी शेंगा आणलेल्या, कुणी ताक. भावजींनी स्वतः फिरून प्रत्येकाचा मोबाईल बंद करून घेतला.

मी नेट लावलं. सगळं अंगण गप्प. केस आले, कपाळ आलं, डोळे, नाक, हनुवटी. पोरगा आला! ओसरीवरून "आला, आला!" असा गलका झाला. आणि चित्र तिथंच थांबलं. हलेचना.

अक्कानं बघितलं. चौकट, त्यात हसरा चेहरा, न हलणारा. तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन केला आणि माझ्याकडं वळली. फोटो. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही. ती खुर्चीवरून उठलीच. मी तिचा दंड धरून ठेवला, थांब गं, थांब माझे आई, हे मी तोंडानंच ओरडत होते, हात मोकळेच नव्हते. तेवढ्यात चौकटीतल्या चेहऱ्यानं पापणी मिटली. मग चेहरा एका बाजूला सरकला, आणि पोरानं कानाची पाळी चिमटीत धरली.

अक्का मटकन खाली बसली. रडली आणि हसली, दोन्ही एकदम. नाक माझ्या पदराला पुसलं. आणि लगेच तिनं त्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. येळवशीला का आला नाहीस? वाळलास का? दाढी का केली नाहीस? मी सांगितलं होतं की त्याला तू दिसत नाहीस, पण ती स्क्रीनकडं बघूनच हात करायची आणि मी आपली टाईप करतेय, इंग्रजी अक्षरांत मराठी, बोटं दुखेपर्यंत. तो उत्तर द्यायचा. नेट इतकं हळू की हात हलताना दिसायचाच नाही. म्हणून तो प्रत्येक खूण करून तशीच धरून ठेवायचा, चित्र आमच्यापर्यंत पोचेपर्यंत. जेवलो. हात तोंडापाशी, तसाच. बरा आहे. अंगठा वर, तसाच. ओसरीवरची माणसं एकमेकांना सांगत होती, "जेवलाय म्हनं."

मी खूश, भावजी खूश. अक्काचा हात मात्र हळूहळू थांबला. ती पुढं झुकून बघायला लागली. मग तिनं मला विचारलं, हा एकाच हातानं का बोलतोय?

मी म्हटलं, कॅमेरा लहान असतो, दुसरा हात दिसत नसेल. तिनं माझ्या हातावर चापट मारली. टाईप कर. उजवा हात कुठाय?

मी टाईप केलं. चित्र पुन्हा थांबलं. ह्या वेळी नेट थांबलं होतं की तो, ते कळेना. मग चौकटीखाली त्याची ओळ आली. काकू, आईला सांग लाईट गेली.

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. बहिऱ्या माणसाला तोंडावरचं सगळं वाचता येतं, त्यात मी तर कधी काही लपवू न शकणारी बाई. मी त्याला लिहिलं, लाईट हाय, आई समोर हाय, हात दाव.

बऱ्याच वेळानं उजवा हात वर आला. मनगटापर्यंत पांढरी पट्टी. अंगठा होता, करंगळी होती, तिच्याशेजारचं बोट होतं. अंगठ्याशेजारची दोन बोटं जिथं असायला हवीत तिथं पट्टी सपाट होती. प्रेस मशीनमध्ये गेली, येळवशीच्या आधी, असं त्यानं खाली लिहिलं. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर आवाज तर ठणठणीत होता, आम्हाला काय कळणार? आम्ही कानाची माणसं. आवाजावर समाधान मानलं.

ओसरीवर कुणीतरी "अगं आई गं" म्हटलं. भावजी भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी पुन्हा स्क्रीनकडं वळले. पोरानं लिहिलं होतं, आता आईशी कसं बोलू गं काकू. ह्यासाठीच तो आला नव्हता. दुखत होतं म्हणून नाही, लाज वाटत होती म्हणून नाही. तिच्यासमोर उभं राहिल्यावर हातातून शब्द निघणार नाही, ह्याची त्याला भीती होती.

अक्का रडली नाही. तिनं त्या हाताकडं बघून घेतलं, नीट, जसं बाजारात कापड बघते तसं. मग स्वतःचा उजवा हात वर केला आणि अंगठ्याशेजारची तीच दोन बोटं तळव्यात मुडपली. राहिलेल्या तीन बोटांनी तिनं "ये" म्हणून बघितलं. जमलं. "पाणी" म्हणून बघितलं. तेही जमलं. "शेत" म्हणायला दोन बोटांनी नांगर धरावा लागायचा, ते जमेना. ती थांबली, विचार केला, आणि करंगळीनं डाव्या तळव्यावर एक लांब रेघ ओढली. माझ्याकडं बघितलं, कळलं का? मी मान हलवली. मग "ऊन". मग "म्हैस". जे जमेल ते ठेवायचं, जे जमणार नाही ते नवं करायचं, असं तिचं चाललं होतं, आणि अंगणातली माणसं माना उंचावून बघत होती. मध्येच तिनं मला कोपरानं ढोसलं. सांग की त्याला!

ते टाईप कसं करायचं? मी एवढंच लिहिलं, तुझी आई तीन बोटांनी बोलायलीय.

तिकडं तो ओंजळीत तोंड घालून बसला. चित्र तसंच अडकलं, आणि थोड्या वेळानं नेट तुटलं, कुणाचाही मिस कॉल न येता.

तो पुढच्याच आठवड्यात घरी आला. स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. बसमधून उतरला तेव्हा उजवा हात खिशात. अक्कानं तो खिशातून बाहेर काढला, पट्टीवरून हात फिरवला, आणि तिथंच, बसच्या धुरळ्यात उभं राहून त्याच्याशी बोलायला लागली, दोन बोटं मुडपून. आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. पोरगा इकडंच असतो, त्याचं लग्न झालं, त्याची मुलं आजीशी पाची बोटांनी बडबडतात आणि तीही त्यांच्याशी तशीच बोलते. फक्त त्याच्याकडं वळली की तिची ती दोन बोटं आपोआप मिटतात. भांडताना सुद्धा, घाईत सुद्धा, एकदाही ती उघडी राहिलेली मी पाहिली नाहीत.